साध्या सुखाचे मोल

मुंबईसारख्या महानगरात ऋतूचे आगमन झाडांवरून कळत नाही, ते हातगाड्यांवरून कळते. होळी आटोपली की रसवंतीगृहातील घुंगरांचा नाद वाढतो, फळवाल्यांकडे कलिंगडांचे ढीग उभे राहतात, रेल्वे स्थानकांबाहेर ताडगोळे दिसू लागतात आणि बर्फाच्या गोळ्याच्या गाडीवरील लाल-हिरव्या बाटल्या उन्हात चमकू लागतात. पाठोपाठ कैरीचे पन्हे येते, कोकमाचे सरबत येते, करवंदे येतात, आंबा येतो आणि पावसाची चाहूल लागता लागता जांभळे येतात. मुलांना सुट्टी लागते. वसईकडचा कोणी आप्त आगाशीच्या सुकेळ्यांचा पुडा घेऊन येतो. दोन खोल्यांच्या घरातही काही आठवडे सणाचे वातावरण असते.

ही साधी सुखे आहेत असे आपण सहज म्हणून जातो. परंतु साधे म्हणजे काय? जे स्वस्त ते साधे, की ज्यात पाप नाही ते साधे? की ज्याचा फारसा विचार करावा लागत नाही, ते साधे? हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. तथापि माणसाचे चारित्र्य मोठ्या प्रसंगांत जितके घडते, त्याहून अधिक ते अशा लहानसहान सवयींत घडत असते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात उपवासकाळ ऐन तापत्या दिवसांत येतो. चाळीस दिवस मनाला आणि जिभेला आवर घालून झाल्यावर पुनरुत्थानाचा सण येतो आणि त्याच सुमारास आंब्याच्या पेट्याही बाजारात येतात. अशा वेळी काही भाविक आम्हांस विचारतात की, खाण्यापिण्यात एवढा आनंद मानणे कितपत योग्य? जगात इतके लोक उपाशी असताना फळाच्या एका फोडीचे कौतुक करावे का? उलटपक्षी, दुसरे काही जण हसून म्हणतात, दहा-वीस रुपयांच्या गोळ्यात कसली आली आहे नीती? खावा आणि पुढे जावे.

आमच्या मते ही दोन्ही टोके चुकीची आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने संयमाची चर्चा करताना सांगितले आहे की सुखाच्या अतिरेकात जसा दोष आहे, तसा सुखाविषयीच्या पूर्ण बधिरपणातही आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार ख्रिस्ती नीतिशास्त्रात आणला. निसर्गाने शरीराच्या आवश्यक क्रियांना आनंदाची जोड दिली आहे, म्हणून तो आनंद सरसकट नाकारणे हा त्यांनी सद्गुण मानला नाही, दुर्गुण मानला. तपश्चर्येसाठी काही काळ केलेला त्याग वेगळा. तेथे आपण चांगली वस्तू अधिक चांगल्या हेतूने बाजूला ठेवतो, ती वाईट आहे म्हणून नव्हे.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीची हकिगत सांगितली आहे. सवंगड्यांसह त्यांनी शेजारच्या झाडावरील नासपती चोरल्या. त्या खाल्ल्या थोड्या आणि डुकरांपुढे टाकल्या पुष्कळ. अनेक वर्षांनंतरही ते या घटनेने व्याकूळ होतात. पण त्यांचा रोख फळाच्या गोडीवर नाही. फळाची तर त्यांना गरजही नव्हती. वाईट होती ती बेपर्वाई, झाडाची, मालकाची आणि फळाचीही. ही गोष्ट आपल्या विषयाला फार जवळची आहे. फळावर प्रेम करणारा माणूस त्याची नासाडी करीत नाही.

मग ऋतूच्या सुखांवर प्रेम कसे करावे? त्याची पहिली पायरी प्रतीक्षा ही होय. आंबा पेंढ्याच्या आढीत घातला की आठ-दहा दिवस थांबावे लागते. पूर्वी घरातील मुले रोज आढीत हात घालून चाचपून पाहत आणि मोठ्यांची बोलणी खात. त्या थांबण्यात फळाची अर्धी गोडी होती. शहराला ही सवड नाही. लवकर पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइडची भुकटी वापरली जाऊ लागली. तिच्यापासून निघणाऱ्या वायूने फळाचा रंग पालटतो, परंतु त्या भुकटीत आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश असू शकतात, म्हणून अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी अशी फळे विकण्यास मनाई केली. उतावीळपणाचे विष झाल्याचे इतके उघड उदाहरण दुसरे शोधावे लागणार नाही. आता तर नोव्हेंबर-डिसेंबरात आफ्रिकेतील मलावी देशाचा हापूस वाशीच्या बाजारात येतो. त्यात अधर्म काही नाही. परंतु जे बारमाही मिळते त्याची वाट कोणी पाहत नाही, आणि ज्याची वाट पाहिली नाही ते आले तरी त्याचे आभार मानावेसे वाटत नाहीत. अरण्यात इस्राएली लोकांना मिळालेला मान्ना दुसऱ्या दिवसासाठी साठवला तर नासत असे. ताडगोळ्याचेही तसेच आहे. तो ज्या दिवशीचा, त्या दिवशीच खाण्यात मौज. काही दाने साठवून ठेवण्यासाठी नसतातच.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. प्रतीक्षेचे गोडवे गाणे भरल्या पोटी सोपे असते. गरिबाला तर नेहमीच वाट पाहावी लागते आणि तिला आपण सद्गुण म्हणत नाही. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून 'टस्कनी' नावाचे जहाज सुमारे १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन कलकत्त्याकडे निघाले. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन बर्फ शिल्लक राहिला होता. पुढे मुंबईतही असा अमेरिकन बर्फ येऊ लागला. तो साहेबांच्या आणि धनिकांच्या पेल्यात पडत असे. बंदरावर ओझी उचलणाऱ्या हमालाला थंडाव्यासाठी माठाचे पाणी होते. यंत्राने बर्फ तयार होऊ लागला तेव्हा तो व्यापार संपला आणि कालांतराने तोच बर्फ रस्त्यावरच्या गाडीवर आला. आज हमालाचे मूलही गोळा चोखते. सुख स्वस्त झाले आणि अनेकांच्या आवाक्यात आले, ही न्यायाचीच गोष्ट आहे. तेव्हा आमचे म्हणणे टंचाईच्या बाजूचे नाही. सुख सर्वांना मिळावे. मात्र ते मिळाल्यावर आपण कृतघ्न होऊ नये, एवढेच.

कृतज्ञता कोणाविषयी, हा पुढचा प्रश्न. देवाविषयी, हे उत्तर आपण पाठ केलेले आहे आणि ते खरेही आहे. परंतु आम्हांस त्याचा दुसरा अर्धा भाग एका वृद्ध स्त्रीने शिकवला. अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्यांना आम्ही ख्रिस्तशरीर देण्यास जातो. उपनगरातील एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ही आजी राहत असे. तिचे माहेर वसईचे. एकदा आम्ही तेथे असताना तिचा नातू ताडगोळे घेऊन आला. त्याने वरची साल हलक्या हाताने सोलली आणि गर तिच्या ओठांना लावला. आतले पाणी हनुवटीवर ओघळले तशी आजी प्रसन्न हसली. मग तिने विचारले, "ताडावर कोण चढलं होतं रे?" नातू गोंधळला. म्हणाला, "आजी, मी स्टेशनबाहेरून आणले." आजी म्हणाली, "ते ठाऊक आहे. पण चढलं कोणीतरी असेल ना?" आणि तिने कपाळावर क्रुसाची खूण करून त्या अनोळखी माणसासाठी दोन शब्द पुटपुटले.

आम्ही पुष्कळ ग्रंथ वाचले आहेत, परंतु साध्या सुखाची इतकी नेमकी कसोटी आमच्या वाचनात आली नाही. ताडाचे झाड फळाला येण्यास बहुधा बारा-पंधरा वर्षे लागतात. त्यातही फळे केवळ मादी झाडाला धरतात. तो सरळसोट बुंधा कमरेला कोयता लावून चढावा लागतो, घड दोरीने खाली सोडावा लागतो, कठीण कवच फोडून गर अखंड काढावा लागतो. करवंदे काट्यांच्या जाळीतून एकेक करून तोडावी लागतात आणि त्यांचा चीक बोटांना चिकटतो. पालघर-वसईच्या पट्ट्यातील आदिवासी भगिनी पहाटे रानात जाऊन ती वेचतात, पानांच्या द्रोणांत भरतात आणि गाडीने शहरात येतात. आपल्या हाती द्रोण पडतो तेव्हा हे सारे मागे राहिलेले असते. सुख आपल्याला साधे वाटते, कारण त्यामागचे कष्ट दुसऱ्याने उचललेले असतात आणि ते आपल्या दृष्टीआड असतात.

आणि याच ठिकाणी आपण घासाघीस करतो. वातानुकूलित दुकानातील आइस्क्रीमचा भाव आपण मुकाट्याने देतो. द्रोणाच्या भावात मात्र पाच रुपये कमी करून घेतले नाहीत तर फसल्यासारखे वाटते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला. कायदा तिला बसायला जागा देऊ शकेल. तिच्या कष्टांचा मान मात्र गिऱ्हाइकानेच राखायचा असतो. पुरते मोल न देता घेतलेले सुख साधे राहत नाही. त्यात दुसऱ्याचा वाटा अडकलेला असतो.

दृष्टीआड झालेल्या गोष्टींत झाडेही येतात. अनेक गृहनिर्माण संस्थांच्या आवारात जुने जांभळाचे झाड असते. मे महिन्याच्या अखेरीस जांभळे गळू लागली की सभेत तक्रार होते. गाड्यांवर डाग पडतात, फरशी खराब होते, झाड काढून टाका. राज्यात शहरांतील झाडांच्या रक्षणासाठी १९७५ सालचा कायदा आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. परंतु फांद्या छाटत छाटत झाडाला निष्फळ करण्याच्या युक्त्या लोकांना अवगत असतात. नंतर त्याच घरातील मंडळी डब्यात मांडलेली जांभळे चढ्या भावाने विकत आणतात. मुलांना वाटते, जांभळे डब्यात पिकतात. येथे काय गमावले गेले याचा हिशेब सभेच्या इतिवृत्तात येत नाही. अनुवाद ग्रंथात आज्ञा आहे की जैतुनाचे झाड एकदा झोडपल्यावर फांद्या पुन्हा झोडपू नयेत. उरलेले फळ परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी राहू द्यावे. शहरी माणसाकडे शेत नाही, पण आवारातले एखादे झाड आहे. त्याखाली पहारेकऱ्याच्या मुलांनी ओंजळभर जांभळे वेचली आणि त्यांच्या जिभा जांभळ्या झाल्या, तर गाडीवरचा डाग धुऊन टाकणे हे त्या आज्ञेचे आजच्या काळातील पालन ठरेल.

सुखाची वाटणी घरातही शिकवावी लागते. पूर्वीच्या घरांत कलिंगड कापले की ते एकट्याने खाण्याचा प्रश्नच नव्हता. फोडी मोजल्या जात आणि शेजारच्या दारात एक बशी आपोआप जाई. आता फळे चौकोनी तुकडे करून एकेकट्याच्या डब्यांत मिळतात. सोय झाली, पण ती बशी थांबली. प्रत्येक घरात आपापले शीतकपाट आहे आणि प्रत्येक शीतकपाटात आपापला आंबा आहे. मुलाला आंब्याची चव कळते. कोय आपण चोखावी की धाकट्या बहिणीला द्यावी, हा पेच कळत नाही. आम्ही गंभीरपणे म्हणतो, तो पेच ज्याने लहानपणी सोडवला नाही, त्याला मोठेपणी वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचा पेच सोडवणे जड जाते. आपल्या धर्मग्रामांत भावाभावांतील अबोल्याची कारणे पाहिली तर वाचकांना हे पटेल.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात सांगितले आहे की थोडक्यात समाधान मानणारा माणूस जीवन कमी भोगत नाही, अधिक भोगतो. कारण प्रत्येक लहान गोष्टीपाशी तो खरोखर हजर असतो. आमच्या विवेचनाचा निष्कर्षही याहून फार वेगळा नाही. साधेपणा वस्तूत नसतो आणि किमतीतही नसतो. ज्या सुखामागचे सर्व हात आपण नजरेसमोर आणू शकतो आणि तरीही मान खाली न घालता ते भोगू शकतो, ते सुख साधे. ज्याच्या मागे पाहण्याचे धैर्य होत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी महागच पडते.

तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत पालकांनी मुलांना फळे आणून द्यावीत, गोळाही खाऊ घालावा, त्यात संकोच नको. फक्त सौदा पुरा करावा, एक बशी शेजारी पाठवावी आणि जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत त्या आजीचा प्रश्न मुलांना विचारावा. ताडावर कोण चढले होते? त्या माणसाचे नाव कोणाला सांगता येणार नाही. त्याच्यासाठी प्रार्थना मात्र सर्वांना करता येईल.