आधी पाणी, मग तेल

राजुरीच्या शिवारात कालव्याचं पाणी आलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. आळे-बेल्ह्याच्या या पट्ट्यात खरिपाला बाजरी, आणि भाद्रपदात कणसात दाणा भरला की रात्रीची राखण. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या होत्या. वडिलांची ठासणीची बंदूक थोरल्याकडे आली होती, परवानाही त्याच्याच नावावर. (ठासणीची बंदूक हे पिकाच्या राखणीचं हत्यार, 1959च्या शस्त्र कायद्यातही तिचा तसा वेगळा उल्लेख आहे.) रानडुकरांची चाहूल लागली की थोरला छर्रे न घालता नुसत्या दारूचा बार काढी. डुकरं पळत, बाजरी वाचे.

बंदुकीला तो फार जपे. लोखंडाला पाणी लागलं की गंज, एवढं त्याला पक्कं ठाऊक. म्हणून पाण्याचा थेंब तिच्याजवळ येऊ देत नसे. बार काढल्याच्या दुसऱ्या दिवशी गजाला चिंधी गुंडाळून करडईचं तेल नळीत फिरवायचं, बाहेरूनही चोळायचं आणि बंदूक खुंटीला टांगायची. खंडेनवमीला हळदकुंकू, झेंडूची माळ. बघणाऱ्याला बंदूक नवीकोरी वाटे.

एका भाद्रपदात ती उडेना. वरची केप फुटे, आतला बार काही पेट घेईना. डुकरांनी निम्मं वावर लोळवलं. थोरला बंदूक घेऊन तात्यांकडे गेला. तात्या पलटणीतून पेन्शनीत आलेले. त्यांनी काही न बोलता गज नळीत सोडला. तो चार बोटं वरच राहिला.

"आत भरलेला बार आहे अजून. आणि तू ही खांद्यावर टाकून वेशीतून आलास?"

त्यांनी नळीच्या तोंडातून पाणी ओतून आधी दारू भिजवली, मग गजाच्या टोकाला पेच लावून आतली ठासण ओढून काढली. एवढं झाल्यावर म्हणाले, "आता चुलीवर आधण ठेव."

"तात्या, बंदुकीत पाणी?"

"पलटणीत थ्री-नॉट-थ्रीच्या नळीतही आम्ही उकळतं पाणी ओतायचो. तू ठेव."

दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. शंभर भागांत 75च्या आसपास एकटा सोरा. ती जळते तेव्हा तिच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त भागाचा वायू होतच नाही. त्यातलं काही पांढऱ्या धुराबरोबर बाहेर जातं, उरलेलं काजळी आणि क्षार होऊन नळीला चिकटतं. हा क्षार हवेतली ओल ओढून घेतो, आणि भाद्रपदात ओलीला काय तोटा? क्षार पाण्यात विरघळतो, तेलात नाही. थोरला इतकी वर्षं क्षारावरच तेल फिरवत होता. त्यात करडईचं तेल कालांतराने चिकट होऊन सुकतं. केपेखालचं बारीक भोक त्या चिकट्याने आणि काजळीने बुजलं होतं.

तात्यांनी नळी लाकडापासून सोडवली, भोकात काडी ठोकली, कढत पाणी ओतून खळखळवलं. बाहेर आलं ते काळंकुट्ट, सडक्या अंड्यासारखं घाण वासाचं. थोरल्याने नाक दाबलं. दुसऱ्या आधणाला करडं पाणी, मग निवळ. मग कोरड्या चिंध्या. कढत पाण्याने नळी इतकी तापली होती की आतली ओल आपोआप उडून गेली. चिंधी पांढरी निघाली तेव्हा कुठे तात्यांनी शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवला.

"दोन दिवसांनी परत चिंधी घाल. तांबूस निघाली तर पुन्हा पाणी. आणि बार भरण्याआधी आतलं तेल पुसून काढ, नाहीतर दारू भिजेल." नळी उजेडाकडे धरून ते पुढे म्हणाले, "गंज गेला, पण खड्डे पडलेत, ते काही भरून यायचे नाहीत. ही बंदूक आता उडवायची नाही. कारागिराला दाखव, तो काय म्हणेल ते खरं."

घरी आल्यावर थोरल्याने हे सगळं आईला सांगितलं. ती ओट्यावर शेंगा फोडत होती.

"मग धाकट्याला कधी धुणार?"

थोरला गप्प. वडिलांच्या माघारी बेल्ह्याच्या बाजारात खिल्लारी जोडी विकली होती, तिचा हिशेब त्याने भावाला कधी दाखवला नव्हता. दर दसऱ्याला मात्र आपट्याचं सोनं घेऊन पहिला भावाच्याच दारात जाई, मिठी मारी. गाव म्हणे, भाऊ असावेत तर असे.

"तुझं ते सोनं म्हणजे वरचं तेल," आई म्हणाली. "आत जे राहिलंय ते खातंय दोघांनाही. आधी ते काढ. घाण वास येईल, येऊ दे."

दसऱ्याची वाट न बघता थोरला त्याच संध्याकाळी वही घेऊन धाकट्याकडे गेला. सुरुवातीलाच आवाज चढले. जोडीचे पैसे निघाले, मग विहिरीच्या मोटेचे, मग आईच्या औषधाचं कुणी किती दिलं ते. शेजारी दारात येऊन उभे राहिले. धाकट्याची बायको पोरांना घेऊन मागच्या दाराने निघून गेली. कंदिलातलं रॉकेल संपत आलं तेव्हा थोरल्याकडे धाकट्याचे किती निघतात ते दोघांनाही मान्य झालं. निम्मे त्याने तिथेच मोजून दिले, उरलेले बाजरी विकल्यावर द्यायचं वहीत लिहिलं.

तिसऱ्या दिवशी धाकटा वही घेऊन उलट आला. "दादा, यात दोन ठिकाणी बेरीज चुकलीय. एक माझ्या बाजूची, एक तुझ्या."

थोरल्याने त्याच्यासाठी घोंगडी टाकली. "बस. अजून कुठे आहे का, बघू."