बेताल मित्राचे काय करावे?

तत्त्वज्ञानाच्या जाड पुस्तकांतून मोठमोठे प्रश्न असतात. आत्मा आहे की नाही, असल्यास तो कुठे असतो, जग खरे की माया. या प्रश्नांची एक सोय असते. त्यांचे उत्तर आज मिळाले नाही तरी संध्याकाळच्या भाजीत काही फरक पडत नाही. पण काही प्रश्नांचे उत्तर गणपतीच्या आत लागावेच लागते. त्यातला एक असा : चार-पाच पोरांनी मिळून बँड काढला आहे. त्यातला एक जण जिवाला जीव देणारा मित्र आहे, पण तालात कच्चा आहे. त्याला ठेवायचे की काढायचे?

हा प्रश्न चौदा ते अठरा या वयातच पडतो. त्याआधी ताल कळत नाही आणि त्यानंतर जिवाला जीव देण्याइतका वेळ कुणाला नसतो.

बँड म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर लाल कोट आणि पितळी तुताऱ्या आल्या असतील, तर त्या बाजूला ठेवाव्यात. आमचा बँड म्हणजे मुंबईच्या चाळीतली बेंजो पार्टी. काळ नव्वदच्या दशकाचा. ज्याला आम्ही बेंजो म्हणतो तो अमेरिकन बँजो नव्हे, तो मूळचा जपानी. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी तारांच्या वर टाइपरायटरसारख्या कळा बसवून 'तैशोगोतो' नावाचे वाद्य केले, आणि ते आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले. त्याला पिकअप चिकटवून वायर भोंग्यापर्यंत नेली की बुलबुल उडून जातो आणि बेंजो उरतो. बँकेत लागल्यावर पहिल्यांदा टाइपरायटर पाहिला तेव्हा मला कोळीगीत ऐकू आल्याचा भास झाला होता.

पार्टीत बेंजोवाला, ढोलकीवाला, ताशावाला, ढोलवाला आणि खुळखुळेवाला असे आम्ही पाच जण. खुळखुळे माझ्याकडे होते. खुळखुळे तसे सोपे वाद्य, सहा महिन्यांचे मूलही वाजवते. पण सहा महिन्यांच्या मुलाला समेवर यायचे नसते. मला पार्टीत घेण्याची कारणे दोन होती. एक, मी बेंजोवाल्याचा बालवाडीपासूनचा दोस्त. दोन, गच्चीची किल्ली आमच्या घरी असे.

हा गच्चीच्या किल्लीचा मुद्दा क्षुल्लक समजू नये. पोरांच्या कुठल्याही बँडमध्ये कला आणि भांडवल एकाच माणसाकडे नसते. ज्याला वाजवता येते त्याच्याकडे वाद्य नसते आणि ज्याच्याकडे वाद्य असते त्याला मामांनी ते वाढदिवसाला दिलेले असते. पुढे कॉमर्सला गेल्यावर मी या सगळ्याचा कायदेशीर पायाही शोधला. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा. त्याच्या ३३ व्या कलमाप्रमाणे भागीदाराला नुसत्या बहुमताने हाकलता येत नाही. तसा अधिकार करारात असावा लागतो आणि तो सद्भावनेने वापरावा लागतो. हे वाचून मला फार बरे वाटले. मग ३० वे कलम वाचले. अज्ञान मुलगा भागीदारच होऊ शकत नाही, फार तर सर्वांच्या संमतीने त्याला फायद्यात वाटा देता येतो. म्हणजे आमची भागीदारी मुळात नव्हतीच, आणि फायदा तर त्याहून नव्हता. एका मंडळाने विसर्जनाच्या रात्रभर वाजवल्याबद्दल पाच जणांना मिळून बारा वडापाव दिले होते. बारा भागिले पाच हा हिशोब अजूनही जुळलेला नाही.

आता प्रश्नाकडे येतो. याचा सगळ्यात स्वच्छ नमुना मुंबईत नाही, लिव्हरपूलमध्ये सापडतो. तिथे १९५६ साली जॉन लेनन नावाच्या शाळकरी पोराने एक बँड काढला. शाळेचे नाव क्वॉरी बँक, म्हणून बँडचे नाव 'क्वॉरीमेन'. त्या काळी इंग्लंडात स्किफल नावाच्या संगीताची साथ आली होती. साथ म्हणण्याचे कारण, लस नव्हती आणि खर्चही नव्हता. एक-दोन स्वस्त गिटारी, कपडे घासायची खाचांची पत्र्याची फळी (तिच्यावर बोटांत अंगुस्तान घालून खरखर करायची) आणि चहाचे रिकामे खोके. खोक्याला काठी लावायची, काठीला दोरी बांधायची, की झाला बास. खोके कदाचित आसामचेही असेल. तेवढाच आपला हातभार. ढोलवाला कॉलिन हँटन सोफ्यांच्या गाद्या शिवायचे काम शिकत होता आणि त्याने ढोल हप्त्यावर घेतले होते. या माणसाविषयी मला जातीचा जिव्हाळा वाटतो.

कपडे घासायच्या फळीवर पीट शॉटन होता. संगीतात त्याला गती नव्हती आणि ते तो कबूल करी. पण तो लेननचा बाळपणापासूनचा मित्र. म्हणजे आमच्यातला खुळखुळेवालाच.

६ जुलै १९५७ रोजी वूल्टनच्या सेंट पीटर चर्चच्या जत्रेत ही मंडळी वाजवत असताना पॉल मॅकार्टनी नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा तिथे आला. त्याने लेननला गिटार वाजवून दाखवली. लेननहून चांगली. पुढे लेननने सांगितले आहे की तेव्हा आपल्यापुढे प्रश्न पडला : याला न घेता बँडात आपणच वरचढ राहावे, की याला घेऊन बँड वरचढ करावा? सोळाव्या वर्षी हा प्रश्न पडणे हे मला गाणी लिहिण्यापेक्षा मोठे वाटते. आमच्या बँकेत अठ्ठावन्नाव्या वर्षीही तो पडल्याचे उदाहरण नाही. लेननने पॉलला घ्यायचे ठरवले. आणि निरोप घेऊन कोण गेले? फळीवाला शॉटन! आपल्यापेक्षा हजारपटीने गुणी माणसाला आमंत्रण देण्याचे काम बिनगुणी मित्राच्या वाट्याला आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका पार्टीत शॉटनने लेननला सांगून टाकले की मला हे वाजवणे आवडत नाही. लेननने ती फळी उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. फळी फुटली, प्रश्न सुटला, दोघे हसत सुटले. फळीवाचून फळीवाला राहिला नाही. माझ्या मते नोकरीवरून कमी करण्याची याहून सरळ पद्धत औद्योगिक इतिहासात नसेल. मैत्रीला ओरखडा आला नाही. पुढे पैसा आल्यावर लेननने त्याला हेलिंग बेटावर सुपरमार्केट घेऊन दिले.

याउलट एरिक ग्रिफिथ्स. तो गिटार वाजवायचा. १९५८ मध्ये जॉर्ज हॅरिसन आल्यावर गिटारवाले जास्त झाले. त्याला सांगून पाहिले, तू बास गिटार घे. त्याच्याकडे पैसे नव्हते. मग एका तालमीला त्याला बोलावलेच नाही. त्याने फोन केला तेव्हा त्याला कळले. तो निघून व्यापारी जहाजावर नोकरीला लागला. आणि १९६२ च्या ऑगस्टमध्ये, बँडचे नाव बीटल्स झाल्यानंतर, दोन वर्षे ढोल वाजवणाऱ्या पीट बेस्टला काढले तेव्हा ते सांगायला मॅनेजर होता, तिघे मित्र खोलीत नव्हते. बेस्टने पुढे वीस वर्षे सरकारी नोकरी केली, आणि तीही कुठे, तर बेकारांना काम मिळवून देणाऱ्या कचेरीत. दैवाला विनोदबुद्धी आहे, पण ती जरा आमच्या हेडऑफिससारखी आहे.

आता तीन प्रकरणांत संगीताचा निकाल एकच लागला. बँड सुधारला. मग शॉटनचे ऐकून हसू येते आणि ग्रिफिथ्सचे ऐकून घशात काहीतरी अडकते, ते का? डोक्यात फळी घालणे हे फोनपेक्षा सभ्य कसे ठरते? मला वाटते, फळी घालायला समोर यावे लागते.

इथे कुणीतरी युधिष्ठिराचा दाखला देणार. कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला ज्याने नकार दिला, तो धर्मराज. पण ही गोष्ट आपण शेवटच्या पानापासून सांगतो. त्याआधी वाटेत द्रौपदी पडली, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. धर्मराज मागे वळले नाहीत. भीम प्रत्येक वेळी विचारी, ही का पडली, हा का पडला, आणि धर्मराज चालता चालता प्रत्येकाचा दोष सांगत. कुत्रा शेवटपर्यंत बरोबर राहिला, कारण तो चालत राहिला. म्हणजे तालात होता. बेताल कुत्र्याचे धर्मराजांनी काय केले असते हे व्यासांनी लिहिलेले नाही.

आमच्या पार्टीची सभा गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे भरली. मी पंधरा वर्षांचा होतो. सभेला मी हजर होतो. किल्ली माझ्याकडेच होती. कुणी काही बोलेना. ढोलकीवाला ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला, ताशावाला ताशा शेकवत बसला. शेवटी बेंजोवालाच म्हणाला, "हे बघ, तू हिशोब सांभाळ. तुझं गणित चांगलं आहे. खुळखुळे माझा चुलतभाऊ वाजवेल."

"आणि किल्ली?" मी विचारले.

"किल्ली तुझ्याकडेच रे," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या आले नाही. मला त्या वेळी त्याचीच कीव आली, कारण बोलायचे काम त्याच्यावर पडले होते.

त्या वर्षीच्या विसर्जनाला मी पार्टीच्या मागून चाललो, हातात वही घेऊन. मनातून अपेक्षा होती की नाक्यापर्यंत जाता जाता हे कोसळतील. खुळखुळ्यांवाचून पार्टी म्हणजे काय? चुलतभावाला काय येते? पण नाक्यावर बेंजोने जी चाल धरली ती अशी काही बसली, की समोरच्या गॅलरीतल्या म्हाताऱ्या टाळ्या वाजवू लागल्या. मी इतका वेळ त्या बेंजोच्या शेजारी उभा होतो आणि तो असा वाजतो हे मला ठाऊकच नव्हते. माझ्या खुळखुळ्यांच्या आवाजात मला तो ऐकूच आला नव्हता. अन्याय झाला असता तर रागावता तरी आले असते. मला नाचावे लागले.

तेव्हा, काढणे बरोबर होते का, असे कुणी विचारले तर मी नाक्याकडे बोट दाखवीन. पण त्यामुळे गच्चीवरचे ते पाच मिनिटांचे गप्प बसणे वजा होत नाही. हिशोबाच्या वहीत दोन्ही बाजू लिहाव्या लागतात, आणि त्या दर वेळी जुळतात असे फक्त ज्यांनी कधी कॅश मोजली नाही त्यांनाच वाटते.

लिव्हरपूलच्या मंडळींनी १९५८ मध्ये एक तबकडी काढली होती, पर्सी फिलिप्स नावाच्या गृहस्थांच्या घरच्या स्टुडिओत. तबकडी एकच आणि पोरे पाच. ठरले असे, की प्रत्येकाने ती आठवडाभर ठेवायची. जॉन, पॉल, जॉर्ज, हँटन यांनी आपापला आठवडा पाळला. पाचवा, पियानोवाला जॉन लो, याच्याकडे तो आठवडा सुमारे तेवीस वर्षे चालला. १९८१ मध्ये मॅकार्टनीने ती त्याच्याकडून विकत घेतली. लेनन तेव्हा हयात नव्हता. आमच्याकडे अशा खात्याला थकीत म्हणतात, पण मला तो लो चुकला असे वाटत नाही. बँडातले त्याच्याकडे तेवढेच राहिले होते.

आणि १९९७ मध्ये वूल्टनच्या त्या जत्रेला चाळीस वर्षे झाली, तेव्हा मूळच्या क्वॉरीमेनपैकी पाच जण पुन्हा एकत्र जमले. गळालेले, गाळलेले आणि आपणहून गेलेले. हप्त्यांच्या ढोलावर हँटन, गिटारीवर तोच एरिक ग्रिफिथ्स. साठीला टेकलेली ही पोरे पुढे गावोगावी कार्यक्रम करू लागली. पीट शॉटनही होता, फळी घेऊन. फळी अर्थात नवी घ्यावी लागली असणार.