अठराव्या वर्षी फाइल कुठे जाते?

इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोत ज्याला दिलं गेलं, तो लिओनार्ड थॉम्पसन चौदा वर्षांचा होता. त्याआधी टाइप १ मधुमेह झालेलं मूल फार काळ तगत नसे; त्यामुळे ते मोठं झाल्यावर त्याच्याकडे कोणी बघायचं, हा प्रश्नच नव्हता. आता ही मुलं जगतात, कॉलेजात जातात, नोकरीला लागतात. पण बालपण सरल्यापासून पंचविशीपर्यंत ती नक्की कोणाची रुग्ण, याचं धड उत्तर शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे नाही.

साखर काटेकोर ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडं वाचतात, हे अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीने १९९३ मध्ये निर्विवाद केलं. तिच्यातल्या १४४१ रुग्णांपैकी १९५ जण तेरा ते सतरा वयाचे होते. काटेकोर उपचार मिळालेल्या या मुलांची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा आठ टक्क्यांच्या आसपास राहिला, मोठ्यांचा सातच्या. उपचार तेच, पाठपुरावाही तसाच, तरी एका अंकाचा फरक. शिवाय साखर एकदम घसरण्याचे गंभीर प्रसंगही मुलांमध्येच जास्त. यातला काही भाग निव्वळ शरीराचा आहे: वयात येताना शरीर इन्शुलिनला पुरती दाद देत नाही, आणि हे संशोधकांनी ऐंशीच्या दशकातच दाखवून दिलं होतं.

ओपीडीत मात्र अजून उलटतपासणीच चालते. रिपोर्टवर नजर टाकून डॉक्टर आईला विचारतात, ‘‘बाहेरचं खातो का?’’ आई म्हणते, ‘‘ऐकतच नाही हो.’’ मिसरूड फुटलेला मुलगा भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता वाचत बसतो. त्याला कोणी काही विचारलेलंच नसतं. मुलं डोस चुकवतात, खोटे आकडेही लिहून आणतात, हे खरंच आहे. पण मधल्या सुट्टीत शाळेच्या संडासात उभं राहून पोटात सुई टोचायची असेल, तर चुकवणाऱ्याला निव्वळ बेजबाबदार म्हणणं मला पटत नाही. चारचौघांसारखं दिसण्यासाठी त्या वयात माणूस काय वाटेल ते करतो. मधुमेह नसलेलेही करतात.

ती चाचणी संपल्यानंतर दोन्ही गटांतल्या मुलांची साखर काही वर्षांत जवळजवळ सारखी झाली. तरीही आधी काटेकोर उपचार मिळालेल्यांचे डोळे पुढची काही वर्षं तरी कमी बिघडले. म्हणजे त्या कोवळ्या वर्षांतली साखर शरीर लगेच विसरत नाही. आणि नेमक्या याच वर्षांत रुग्णालय हात सोडतं. हे मधुमेहापुरतंच नाही. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांत ते निकामी होण्याचा धोका पौगंडाच्या अखेरीस आणि विशीच्या सुरुवातीला वाढतो. टेक्सासमधल्या डॅलसच्या सिकलसेल रुग्णांच्या दीर्घ पाहणीत बालपणीचे मृत्यू खूपच घटलेले दिसले; पण अलीकडचे बरेचसे मृत्यू अठरा ओलांडून मोठ्यांच्या दवाखान्यात गेल्यावर लवकरच झालेले होते.

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलची मुलं गावोगाव आहेत, म्हणून ही पाहणी आपल्यालाही लागू आहे. आपली व्यवस्था पाहा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो. २०१४चा किशोर स्वास्थ्य कार्यक्रम दहा ते एकोणीस वयाचा. त्याच्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशन मिळतं, पण असंसर्गजन्य आजारांबाबत त्याचा भर ते टाळण्यावर आहे, आधीच झालेल्यांवर नाही. अनेक सरकारी रुग्णालयांत तर बारा पूर्ण झाले की मूल थेट मोठ्यांच्या वॉर्डात, साठीतल्या दमेकऱ्याच्या शेजारच्या खाटेवर. तिथले डॉक्टर वाईट नसतात, त्यांना फक्त या मुलाचा आधीचा काही पत्ता नसतो. चिठ्ठी लिहून पाठवलं की आपलं काम झालं, असं आपण धरून चालतो.

मुलींचं आणखी वेगळं. लग्नाचं बघायला लागले की फाइल कपाटात जाते आणि जवळच्या दवाखान्यात जाणंही बंद होतं. कोणी ओळखीचं भेटलं तर? अशी मुलगी कुठल्या संशोधनातही येत नाही. आपले बहुतेक अभ्यास ओपीडीत येणाऱ्यांवरच होतात. जे येईनासे झाले, त्यांच्याबद्दल पेपरात ‘पाठपुरावा होऊ शकला नाही’ एवढी एक ओळ असते. मला वाटतं, खरा अभ्यास त्या ओळीपासून सुरू व्हायला हवा. कोण सुटलं, कोणत्या वयात, कोणत्या बदलीनंतर? आणि ही गळती रुग्णालयाच्या खात्यावर मांडावी, मुलाच्या नव्हे.

यातली एक विसंगती मला फार खटकते. आयसीएमआरच्या २०१७च्या नियमांनुसार संशोधनात सहभागी करून घेताना बारा वर्षांवरच्या मुलाची लेखी संमती घ्यावी लागते, पालकांची सही असली तरीही. उपचारात मात्र त्याच मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोलण्याची सक्ती कुठेच नाही. करायचं एवढंच: आईबाबांना थोडा वेळ बाहेर बसवायचं, डोस त्याचा त्याला सांगू द्यायचा, सतराव्या वर्षी दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी त्याला एकत्र तपासायचं आणि तारीख चुकली की नर्सने फोन करायचा. त्यासाठी नवं यंत्र लागत नाही, पण नर्सची जागा भरलेली असावी लागते.