नापासाचा दाखला

माझ्या आरोग्यविम्याच्या पॉलिसीत, वगळलेल्या खर्चांच्या यादीत, लठ्ठपणाचं एक कलम आहे. ते कुण्या एका कंपनीचं नव्हे. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९मध्ये अशा कलमांची भाषा सगळ्यांसाठी एकसारखी करून दिली. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळायचा तर डॉक्टरांचा सल्ला हवा, वय किमान १८ हवं आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर तो ३५ किंवा त्याहून जास्त हवा, सोबत गंभीर स्लीप अ‍ॅप्निया, आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा हृदयविकार हवा, आणि शिवाय वजन कमी करण्याचे सौम्य उपाय अयशस्वी ठरलेले हवेत. मी या दुसऱ्या रांगेतला. उंची १७५ सेंटिमीटर, सुरुवातीचं वजन ११८ किलो, बीएमआय साडेअडतीस. झोपेत श्वास थांबतो म्हणून रात्री नाकावर मशीन लावतो.

हॉस्पिटलच्या फाइलमध्ये दुसरा एक कागद आहे. त्यात म्हटलंय की शस्त्रक्रियेआधी आहार आणि व्यायामाने वजन कमी करून दाखवा, मग तारीख देऊ. म्हणजे एका कागदाला पुरावा हवाय की डाएट मला लागू पडत नाही आणि दुसऱ्याला पुरावा हवाय की पडतं. कुणी असा कोड रिव्ह्यूला पाठवला असता तर मी तिथल्या तिथे कॉमेंट टाकली असती की या दोन अटी एकाच वेळी खऱ्या कशा होणार?

सहा महिन्यांत माझे नऊ किलो उतरले. बीएमआय ३५.६. आणखी दोन किलो उतरले की कलमाप्रमाणे मी अपात्र, श्वास मात्र रात्री थांबतोच आहे. विमा डेस्कवरच्या मुलीने ‘सुरुवातीचं वजन धरतात सर, टेन्शन घेऊ नका’ असं सांगितलं, त्यामुळे व्यवहारातला प्रश्न सुटला. विचारातला सुटला नाही.

तो काकांनी नेमका विचारला. “नऊ किलो उतरवलेस ना? मग तसंच चालू ठेव की. चांगलं पोट कापून कशाला घ्यायचं?” काका वाईट बोलत नव्हते. त्यांच्या म्हणण्यात एक तर्क आहे आणि तो बहुतेकांना बिनतोड वाटतो: जे थोडं जमलं ते पूर्ण जमेल; जमत नसेल तर माणूस कमी पडतोय. पण वजन उतरवणं आणि उतरलेलं वजन तीस वर्षं तिथंच ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. मिनिटभर श्वास रोखता येतो म्हणून श्वासाशिवाय जगता येईल असं आपण म्हणत नाही.

अमेरिकेत ‘द बिगेस्ट लूझर’ नावाची वजन घटवण्याची टीव्ही स्पर्धा होती. तिच्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. तो अभ्यास २०१६मध्ये आला. बहुतेकांचं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर विश्रांतीच्या अवस्थेत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनंतरही. त्याही आधी, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून काय होतं ते पाहिलं. त्या मुलांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. हे तरुण कोण होते? तत्त्व म्हणून युद्धावर जायला नकार दिलेले. देश लढाईत असताना सरकारला ‘नाही’ म्हणणाऱ्यांकडे मनोबल कमी होतं असं कुणी म्हणेल का? माणूस कसा आहे याची चौकशी भूक करत नाही.

आता यापुढचा आक्षेप काकांचा नाही, माझाच आहे, आणि तो जास्त अवघड आहे. अ‍ॅरिस्टॉटलने दोन माणसांत फरक केला होता. एकाला नको ती इच्छा होते, पण तो तिला आवरतो. दुसऱ्याला ती इच्छाच होत नाही. दुसरा खरा संयमी, पहिला त्याच्या एक पायरी खाली. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही हाच पेच आहे: उपाशी राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती जायला परमतत्त्वाचं दर्शन व्हावं लागतं. माझ्या शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, आणि भुकेचा संदेश देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणजे मला दर्शनबिर्शन काही न होता, दुर्बिणीतून स्टेपलर मारून, गोडीच कमी होणार. मग तो संयम माझा की सर्जनचा?

मला वाटतं, प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला जातोय. माझा एक मामेभाऊ आहे. गणपतीत तो दीड मोदक खातो आणि उरलेला अर्धा ताटात ठेवून उठतो. आई माझ्याकडे बघत त्याचं कौतुक करते. त्याने त्यासाठी कोणती साधना केली? त्याचं पोट त्याला लवकर ‘बास’ म्हणतं, एवढंच. फुकट मिळालेली तृप्ती गुण ठरत असेल तर चार लहान छेद देऊन मिळवलेलीही ठरायला हवी. माझी गुण नसेल तर त्याचीही नाही. यातलं दुसरं उत्तर मला जास्त पटतं, फक्त ते आईला सांगायची सोय नाही.

शिवाय गोडी पूर्ण जातच नाही. मिल्कशेक, आइस्क्रीम, वितळणारं सगळं छोट्या जठरातूनही सहज सरकतं. काही वर्षांत काही लोकांचं वजन परत चढतं. काम उरतंच, पण करता येईल एवढं उरतं.

मग ही तयारी नेमकी कशाची? सर्वात ठाम कारण सर्वात कमी नैतिक आहे: यकृत. आमच्यासारख्यांच्या यकृतात चरबी साठलेली असते आणि त्याची डावी बाजू जठरावर पसरलेली असते. दुर्बिणीने काम करताना ती उचलून धरावी लागते. शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे कमी कॅलरींचा, कमी पिष्टाचा आहार घेतला की यकृत आक्रसतं आणि सर्जनला जागा मिळते. ताक, मुगाच्या डाळीचं पाणी, पाण्यात ढवळलेली प्रोटीन पावडर. माझ्या चारित्र्याचा इथे काही संबंध नाही. गॅरेजमध्ये गाडी नेण्याआधी डिकी रिकामी करावी तसं.

दुसरा भाग तालमीचा. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास वीस-पंचवीस वेळा चावायचा. आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर पोळी. तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या उपकरणात श्वास ओढून गोळ्या वर धरायच्या, कारण भूल उतरल्यावर फुप्फुसं लवकर मोकळी व्हायला हवीत. चालायचं, कारण ऑपरेशन झाल्यावर काही तासांतच उठवून चालवतात, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. सहा महिन्यांपूर्वी पर्वती चढताना मी चारदा थांबायचो, आता एकदाच, तेही फोन बघायचं निमित्त करून. हे सगळं मला पटतं, आवडतंही. पण तालमीत वाक्य विसरलं म्हणून कुणी नाटक रद्द करत नाही. आमच्या फाइलीत मात्र तालमीची प्रवेशपरीक्षा होते. इंजिनिअरिंगला असताना सबमिशन पूर्ण नसेल तर टर्म ग्रँट व्हायची नाही आणि परीक्षेला बसता यायचं नाही, त्यातलाच प्रकार.

यकृत प्रत्यारोपणासाठी अनेक ठिकाणी सहा महिने दारू सोडल्याचा पुरावा मागत आले आहेत. त्या नियमावरही वाद आहेत, पण तिथे निदान यकृतं मोजकी असतात; एकाला दिलं की दुसऱ्याला मिळत नाही. इथे माझं जठर मला लहान करून हवंय, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याचं नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सक्तीच्या पूर्व-डाएटवर तिथल्या बेरिअ‍ॅट्रिक सर्जनांच्या संघटनेनेच २०१६मध्ये टीका केली. या सक्तीला शास्त्रीय आधार नाही आणि ती भेदभाव करणारी आहे, असं त्यांचं म्हणणं.

हा भेदभाव मला आहारतज्ज्ञाच्या केबिनबाहेरच्या बाकावर दिसला. शेजारी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या. दोन्ही गुडघे गेलेले, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. “तुला मिळाली का रे तारीख?”

“मिळाली, काकू.”

“किती उतरवलंस?”

“नऊ किलो.”

“शाब्बास.” अगदी मनापासून म्हणाल्या. मग म्हणाल्या, “माझं दोन वाढलंय. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले.”

माझे गुडघे शाबूत आहेत. दुपारी दोन ते चार मी कॅमेरा बंद ठेवून मीटिंगमध्ये येरझाऱ्या घालू शकतो. घरी माझ्यासाठी वेगळी भाजी होते आणि ती मला करावी लागत नाही. काकू पाच माणसांचं करून मग आपलं ताक पितात. ज्याच्या शरीरात आणि घरात थोडी सवड आहे त्याचं वजन हलतं, आणि ज्याचं हलतं त्याला तारीख मिळते. ज्यांना शस्त्रक्रियेवाचून दुसरा रस्ता नाही, त्यांनाच रांगेत मागे जायला सांगणारा हा नियम आहे. यकृतासाठीचे दोन आठवडे मी सगळ्यांना सक्तीचे करीन, ती सुरक्षिततेची गोष्ट आहे. सहा महिन्यांची तालीमही सगळ्यांना देईन, पण तिच्यावर तारीख अडवणार नाही.

दुसऱ्या कागदाची अट काकूंना पुरी करता आलेली नाही. पहिल्याची, सौम्य उपाय अयशस्वी झाल्याची, त्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी चोख पुरी केली आहे.