राजकारण नको

डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या कॉलेजच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निफाडच्या एका मित्राने कांद्याची हिशेबपट्टी टाकली. केंद्र सरकारने ८ डिसेंबरपासून निर्यात बंद केली होती. लासलगावला लिलाव थांबले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा भाव कोसळलेले होते. पट्टीखाली त्याने एकच ओळ लिहिली होती : ‘यात फवारणीचाही खर्च निघत नाही.’ ग्रुपचा ॲडमिन मी. मी लिहिलं, ‘मित्रा, इथे राजकारण नको.’ त्याने पट्टी काढून टाकली.

पुढच्या महिन्यात, २२ जानेवारीला, अयोध्येत राममंदिराची प्राणप्रतिष्ठा झाली आणि दिवसभर ग्रुप छायाचित्रांनी, शुभेच्छांनी भरून गेला. तेव्हा मला नियम आठवला नाही. त्या शुभेच्छा टाकणाऱ्यांचा भाव खरा होता, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मग पट्टीत तरी काय खोटं होतं? सरकारच्या एका निर्णयाने ज्याच्या घरातला पैसा गेला, त्याने घरातली गोष्ट सांगितली तर ते राजकारण ठरलं. ज्यांना कशाची झळ लागली नव्हती, त्यांचं बोलणं मात्र आपोआप साधं आणि निरुपद्रवी ठरलं. ‘राजकारण नको’ हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

निवडणुकीच्या दिवसांत मैत्री टिकवायची तर गप्प बसावं, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. मला तो आता चुकीचा वाटतो. गप्प बसल्याने मतभेद मिटत नाहीत, फक्त एकमेकांची कारणं कळेनाशी होतात. आणि कारण कळलं नाही की माणूस हेतू शोधायला लागतो. याला कुणीतरी फूस लावली असेल, याला काहीतरी मिळालं असेल, याची जात बोलते आहे. मतभेद मैत्रीला सोसतो. हेतूवरचा संशय सोसत नाही.

टिळक आणि आगरकरांचं उदाहरण आपण नेहमी देतो, पण मला वाटतं अर्धवट देतो. १८८२ साली दोघे डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा वाद त्यांच्यात होताच, आणि तो असूनही त्यांनी शाळा चालवली, वर्तमानपत्रं काढली. पुढे आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीत जी तेढ विकोपाला गेली, ती आजीव सदस्यांनी वेतन किती घ्यावं, बाहेरचं काम करावं की नाही, कुणाचा त्याग खरा, या प्रश्नांवरून. तिथे विचारांपेक्षा एकमेकांच्या निष्ठेचं माप काढलं जाऊ लागलं. १८९० मध्ये टिळकांनी संस्था सोडली. आगरकर १८९५ मध्ये गेले, तेव्हा ते जेमतेम अडतीस वर्षांचे होते.

आज हेतूवर संशय घेण्यासाठी लागणारे शब्द आपल्याला तयार मिळतात. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली, आणि ‘गद्दार’, ‘खोके’ हे शब्द सभांमधून थेट चहाच्या टपरीवर आले. ‘अंधभक्त’ आणि ‘चमचा’ आधीपासून होतेच. व्यासपीठावरून हे शब्द एका नेत्याने दुसऱ्या नेत्यासाठी वापरले होते. त्या दोघांमधला व्यवहार त्यांना ठाऊक. तोच शब्द मी माझ्यासोबत होस्टेलच्या खोलीत तीन वर्षं राहिलेल्या माणसाला लावतो, तेव्हा त्याच्याबद्दल मला जे काही माहीत आहे, ते सगळं मी बाजूला ठेवलेलं असतं.

आणि हे शिक्के किती तकलादू! निफाड दिंडोरी लोकसभा मतदारसंघात येतं. ४ मे २०२४ ला निर्यातबंदी उठली, पण ४० टक्के शुल्क राहिलं. २० मे रोजी मतदान झालं आणि केंद्रात राज्यमंत्री असलेल्या भाजपच्या भारती पवार तिथे पराभूत झाल्या. सहा महिन्यांनी विधानसभेची निवडणूक आली. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले होते. त्याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. मे महिन्यात ज्याला एक शिक्का मारला, त्याला नोव्हेंबरमध्ये कोणता मारायचा? माझ्या मित्राने दोन्ही वेळा काय केलं ते त्याने मला सांगितलं, कारण नंतरच्या जूनमध्ये मी त्याच्या घरी गेलो, कांद्याच्या चाळीशेजारी बसलो आणि पट्टीबद्दल त्याची माफी मागितली. त्याचं मत मी इथे लिहिणार नाही. कारणं मात्र अशी होती की माझी स्वतःची कारणं मला पहिल्यांदाच पुन्हा तपासावीशी वाटली. आम्ही एकमताने उठलो नाही. त्याच्या आईने जेवायला थांबवलं.

तरीही प्रत्येक मतभेद चाळीशेजारी बसून सोसण्याजोगा असतो, असं मी म्हणणार नाही. भावाचा वाद वेगळा आणि एखाद्याने या देशात कसं राहावं हे ठरवणारा वाद वेगळा. २०२४ च्या विधानसभेच्या प्रचारात ‘बटेंगे तो कटेंगे’ ही घोषणा महाराष्ट्रात फिरली. कुणाला ती एकजुटीची हाक वाटली असेल. आमच्या ग्रुपवर दोघांनी ती पाठवली. त्याच ग्रुपवर आमचा एक मुसलमान मित्र आहे. तेव्हाही मी काही बोललो नाही. पट्टीच्या वेळी मात्र मला बोलायला वेळ लागला नव्हता. मैत्री टिकावी म्हणून सोसण्याचं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आलं, आणि त्याने ते मुकाट्याने उचललं.

ग्रुपवरचा नियम मी काढला आहे. निफाडचा मित्र पुन्हा बाजारभाव टाकतो, पुण्यातला एकजण त्याच्याशी आयात-निर्यातीवर तावातावाने भांडतो, आणि दोघे रात्री फोनवर बोलतात. तो मुसलमान मित्र पूर्वी वर्तमानपत्रातली कात्रणं टाकायचा, आमच्यात सगळ्यात जास्त वाद घालायचा. आता तो कुणाचा वाढदिवस असला की शुभेच्छा लिहितो. तेवढंच लिहितो.