मागच्या आसनावरील मनुष्य

जो मार्ग आपणांस दिसत नाही, त्यावर दुसऱ्याच्या भरवशाने जाणे हा विवेक की दुर्बलता? दोघांनी मिळून चालवावयाच्या जोडसायकलीवर मित्रांसह दूरच्या प्रवासास निघणाऱ्यापुढे हा प्रश्न दिवसभर उभा असतो. १८९१ साली आरंभ झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सुमारे १२०० किलोमीटरांच्या फेरीतही अशा सायकली असतात. हँडल पुढच्याच्या हाती. मागच्यास केवळ मित्राची पाठ दिसते. पुष्कळ अंध मनुष्येही या मागच्या आसनावर बसून दूर जातात.

तथापि मागचा मनुष्य ओझे नव्हे. दोघांची पायडले बहुधा साखळीने एकमेकांस जोडलेली असतात. एकाचे पाय थांबले की दुसऱ्याचेही थांबतात. मागच्याने अंग चोरले तर पुढच्यास ते दिसणार नाही, परंतु चढणीवर त्याच्या पायांस खचित कळेल. तसेच पुढच्याने खड्डा आधी सांगितला नाही, तर बेसावध असलेल्या मागच्यास धक्का अधिक बसेल.

यावरून असे दिसते की, भरवसा म्हणजे स्वस्थ बसून राहणे नव्हे. ज्यास दिसते त्याने वेळीच सांगावे. ज्यास दिसत नाही त्याने श्रम चुकवू नयेत. ही दोन्ही ऋणे जेथे फिटतात, तेथे, वाचकहो, दुसऱ्याच्या मागे जाण्यात कमीपणा उरत नाही.