हाताखालचा चांगला माणूस मागे पडतो तेव्हा



आपल्यापैकी अनेकांच्या हाताखाली चार माणसे काम करतात. उल्हासनगरात कोणाचा जीन्स शिवण्याचा कारखाना आहे, कोणाचे फर्निचरचे दुकान आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत कोणी छोटे युनिट चालवतो, कोणी पाळीवरच्या कामगारांचा सुपरवायझर आहे. अशा प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रसंग सामोरा येतो. आठ-दहा वर्षे चोख काम करणारा, सांगण्यापूर्वीच काम ओळखणारा कारागीर एकाएकी ढिला पडतो. शिलाई वाकडी जाते, खाडे वाढतात, माल परत येतो, विचारले तर तो मान खाली घालतो. मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की हा माजला, किंवा याला दुसरीकडून बोलावणे आले.

या क्षणी आपण काय करतो, याचा हिशोब केवळ धंद्याच्या वहीत लिहिला जात नाही. म्हणून याविषयी धर्माचे मार्गदर्शन काय आहे, ते पाहू.

हिजरी सन ९ मध्ये तबूकची मोहीम निघाली. कडक उन्हाळा होता, प्रवास लांबचा होता आणि मदीनेत खजूर पिकत आले होते. ह. कअब बिन मालिक (रजि.) हे अकबाच्या प्रतिज्ञेत सहभागी झालेले, एक बद्र वगळता प्रत्येक मोहिमेत प्रेषितांसोबत राहिलेले सहाबी. या वेळी मात्र ते मागे राहिले. त्यांची हकीकत सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत त्यांच्याच तोंडून आली आहे. ते रोज सकाळी तयारीसाठी निघत आणि काही न करताच घरी परतत. उद्या करू, परवा गाठू, असे म्हणता म्हणता सैन्य दूर निघून गेले. चांगला माणूस मागे कसा पडतो, याचे याहून प्रामाणिक वर्णन क्वचितच सापडेल.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वर्तन पाहा. तबूकला पोहोचल्यावर त्यांनी कअब यांची चौकशी केली. हजारोंच्या गर्दीत एक माणूस दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात होते. एकाने सांगितले, की त्यांना त्यांच्या उंची वस्त्रांनी आणि स्वतःविषयीच्या कौतुकाने अडवले असेल. ह. मुआज बिन जबल (रजि.) यांनी त्याला तिथेच अडवले आणि सांगितले, की आम्हांला कअब यांच्याविषयी चांगल्याखेरीज काही ठाऊक नाही. प्रेषित (स.) यावर गप्प राहिले. गैरहजर माणसावर त्यांनी निकाल दिला नाही.

मदीनेस परतल्यावर त्यांनी कअब यांना समोर बसवले आणि मागे राहण्याचे कारण विचारले. तुम्ही तर वाहनही घेतले होते ना, असेही विचारले. ऐंशीहून अधिक लोकांनी तोपर्यंत सबबी सांगून सुटका करून घेतली होती. कअब यांनी सबब सांगितली नाही. आपण कधी नव्हतो इतके सुदृढ आणि सधन होतो, कोणतीही अडचण नव्हती, हे त्यांनी कबूल केले. प्रेषितांनी त्यांच्या सत्यवचनाची नोंद घेतली आणि अल्लाहचा निर्णय येईपर्यंत थांबण्यास सांगितले.

पुढे ५० दिवस लोकांनी त्यांच्याशी बोलणे सोडले. हा बहिष्कार धर्माच्या एका असाधारण प्रसंगातील होता. त्याचा दाखला देऊन आपल्या कामगाराशी अबोला धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण पाहावे ते त्यातील सौजन्य. शिक्षेतील दुसरे सहाबी ह. हिलाल बिन उमय्या (रजि.) वृद्ध होते. त्यांच्या पत्नीने सेवेची परवानगी मागितली, ती प्रेषितांनी दिली. कारवाई चालू असतानाही माणसाची लाचारी पाहिली गेली. याच काळात गस्सानच्या राजाने कअब यांना पत्र पाठवून आपल्याकडे बोलावले. त्यांनी ते पत्र तंदूरमध्ये जाळले. मन तुटलेले असताना दुसऱ्या दारातून आलेले आमंत्रण त्यांनी नाकारले, कारण आपल्याला जाणून असलेल्या दाराशी त्यांचे नाते तुटले नव्हते. पन्नासाव्या दिवशी क्षमेची वार्ता आली, तिचा उल्लेख सूरह तौबामध्ये आहे. कअब मशिदीत गेले तेव्हा प्रेषितांचा चेहरा आनंदाने उजळला होता. झाले गेले पुन्हा उगाळले गेले नाही.

बंधूंनो, या हकीकतीतून आपल्या कारखान्यासाठी पहिली गोष्ट निघते ती विचारण्याची. मुकादमाने कान भरले म्हणून निर्णय नको. बातमीची शहानिशा करण्याचा आणि पुष्कळ संशयांपासून दूर राहण्याचा आदेश सूरह हुजुरातमध्ये आहे. कामगाराला चारचौघांत नव्हे, बाजूला घेऊन विचारा. कामाची तक्रार आधी मांडू नका, त्याची विचारपूस आधी करा.

कारणे अनेकदा साधी निघतात. चाळिशी ओलांडलेल्या शिवणकाऱ्याला सुईचे भोक दिसेनासे होते आणि तो ते लाजेने सांगत नाही. त्याची वाकडी शिलाई म्हणजे कामचुकारपणा नसतो, त्याला चष्मा हवा असतो. रात्रपाळी सतत बदलत राहिली तर झोप मोडते आणि हात चुकतात. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसरात किती घरांत पाणी शिरले, ते आपण पाहिले आहे. घर चिखलात असताना मशीनवर बसलेल्या माणसाचे मन कुठे असेल? कोणाच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली असते, कोणावर व्याजाच्या कर्जाचा फास असतो.

सेवक हे तुमचे बंधू आहेत, अल्लाहने त्यांना तुमच्या हाताखाली दिले आहे, त्यांच्यावर झेपणार नाही असा भार टाकू नका आणि टाकलाच तर स्वतः हातभार लावा, अशी प्रेषितांची शिकवण आहे. ह. अनस (रजि.) यांनी सुमारे दहा वर्षे त्यांची सेवा केली आणि त्या काळात एकदाही त्यांच्या तोंडून त्राग्याचा शब्द ऐकला नाही. हातभार लावणे म्हणजे नेहमी पैसे देणे नव्हे. कधी पाळी बदलून द्यावी, कधी चार दिवसांची रजा, कधी बिनव्याजी उचल. कामगार राज्य विमा योजनेत नोंदलेल्या पात्र कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने लाभ मिळतो आणि योजनेचे रुग्णालय उल्हासनगरातच आहे. मात्र कामगाराचे नावच नोंदवले नसेल, तर तो दोष त्याचा नाही, आपला आहे.

आणि कारण काहीच नसेल तर? कअब यांच्यापाशीही कारण नव्हते. दया म्हणजे डोळेझाक नव्हे. त्याच्या ढिलाईचा भार शेजारच्या मशीनवरचा कामगार उचलत असतो, त्याच्यावरही अन्याय नको. म्हणून स्पष्ट सांगा, काय चुकते ते दाखवा, सुधारण्यासाठी मुदत द्या आणि ती मुदत खरोखर पाळा. सुधारला तर जुने उकरू नका. नाहीच जमले तर सन्मानाने निरोप द्या, पण केलेल्या कामाची मजुरी अडकवू नका. पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह उभा राहील, असे हदीसमध्ये आले आहे. रागाच्या भरात पगार दाबणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

कामगार बंधूंनाही एक विनंती. मजूर सशक्त आणि विश्वासू असावा, हा निकष सूरह कससमध्ये ह. मूसा (अ.) यांच्या प्रसंगी आला आहे. शक्ती कमी पडली तर तो गुन्हा नाही, पण ती लपवून खोट्या सबबी सांगणे विश्वासाला तडा देते. कअब यांना सत्यानेच तारले.

शेवटी प्रत्येक मालकाने स्वतःला विचारावे. आपल्या नमाजात किती दिवस मन नव्हते? किती फज्र झोपेत गेल्या? त्या दिवसांतही आपला श्वास थांबला नाही, भाकर थांबली नाही. ज्याच्या मुदतीवर आपण जगतो, त्याच्या दासाला मुदत देताना आपला हात आखडू नये. अल्लाह आपल्याला हाताखालच्या माणसांशी न्यायाने आणि दयेने वागण्याची सद्बुद्धी देवो, आणि आपल्या कामगार बंधूंच्या अडचणी दूर करो. आमीन.